वाटाड्याची शीव

धोंडी बोलायचा थांबला, तेव्हाच मी सावध झालो.

सकाळपासून त्याची टकळी चालू होती. "ह्ये रान कोंडाजीचं. ह्यो आंबा आमच्या पाटलाच्या चुलत्यानं लावला. त्या खडकाखाली वाघरू बसतंय म्हनत्यात, पर म्या काय बघितलं न्हाय." मागून बैलावर बसलेल्या बयाबाई म्हणाल्यासुद्धा, "ह्याला वाट दाखवायला आणलाय की कीर्तनाला?" आणि आता हाच धोंडी मान खाली घालून मुकाट चालला होता. काठी उगाच झुडपांवर मारत होता.

मी त्याच्या बरोबरीला गेलो. "धोंडी, ह्या ओढ्याला काय म्हणतात रे?"

"वढा जी."

"आणि ती समोरची टेकडी?"

"टेकडीच की."

झालं. ओढ्याला नुसता ओढा म्हणणारा माणूस त्या मुलखातला नसतो. तुम्ही कसब्यात राहता, तुम्हाला कोणी विचारलं की ही गल्ली कुठली, तर 'गल्ली' असं उत्तर देता का? कुंभारवाड्याचा बोळ, तांबटांची आळी, कागदीपुरा, असं धडाधडा सांगता. धोंडीकडची नावं संपली होती. म्हणजे वाटही संपली होती.

मी रखमाजी नाईक. आता हातपाय थकले, घरीच असतो. पण जन्मभर माझं काम माणसं पोचवायचं. पुण्याहून निघालेली माणसं डोंगरापलीकडे, नदीपलीकडे, कधी किल्ल्यावर, कधी कोकणात नीट नेऊन सोडायची. लोक मला वाटाड्या समजतात. मी वाटाड्या नव्हे. वाटाडे गावोगावचे असतात आणि त्यांचा शिरस्ता असा, की गावचा वाटाड्या तुम्हाला आपल्या गावच्या शिवेपर्यंत नेतो. शिवेवर शेंदूर लावलेला दगड असतो. तिथे पुढच्या गावचा वाटाड्या येतो, हा तुम्हाला त्याच्या हवाली करतो आणि माघारी फिरतो. इतका साधा कारभार आहे. वाट त्यांना ठाऊक असते. मला ठाऊक असावं लागतं ते एवढंच, की कोणाला काय ठाऊक आहे.

त्या वेळी पुण्यावर फौज येते अशी बातमी होती. कोणाची फौज ते विचारू नका, ज्याचं घर जळतं त्याला त्याचं काही नसतं. सरकारवाड्यातून हुकूम सुटला, की बायका-मुलं, म्हातारी माणसं किल्ल्यांवर हलवावीत. ज्याला जे वाहन मिळालं ते घेऊन लोक निघाले. माझ्याकडे कसब्यातली आणि शनिवारातली काही घरं आली. त्यांच्यावर मुख्य नेमले होते विसाजीपंत, फडावरचे, म्हणजे सरकारी दफ्तरातले, कारकून. माणूस हुशार, हिशेबाला पक्का, पण दख्खनचा मुलूख त्यांनी पाहिला तो कागदावर. कमरेला चाबूक आणि खाली घोडा आला, की अशा माणसाला वाटतं, सगळ्या वाटा आपल्याला विचारून निघाल्यात. बयाबाई त्यांच्या मातोश्री. त्या बैलावर, आणि त्यांची जीभ कायम घोड्यावर.

बाकी मंडळी सांगत बसत नाही. पण एक सांगायलाच हवी. रघू तांबटाची सून सगुणा. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिचा नवरा तोफखान्याबरोबर मोहिमेवर होता. जाताना तो माझ्या ओट्यावर येऊन बसला होता. इकडचं-तिकडचं बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "नाईक, घरात बाबा म्हातारे. वेळ आली तर तिला तुम्ही सांभाळा." मी हो म्हटलं. माझ्या धंद्यात 'हो' हा शब्द फार जपून वापरायचा असतो. पण तो मी दिला होता.

निघताना पहिली चकमक झाली ती कसब्याच्या गणपतीसमोरच. मी सगुणाची डोली सगळ्यात पुढे ठेवली. डोली म्हणजे बांबूला टांगलेली झोळी, पुढे-मागे भोई. पंत घोडा नाचवत आले.

"नाईक, डोली पुढे? अहो, मुख्य माणूस पुढे असतो."

"मुख्य माणूस कुठेही असू दे, पंत. सगळ्यात हळू चालणारा पुढे असावा."

"का?"

"कारण तो मागे राहिला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे असला, की सगळ्यांना त्याच्या चालीनं चालावं लागतं."

पंतांनी नाक मुरडलं. पण कागदीपुऱ्यातले हुसेनमियां, माझे शेजारी, आपलं कुटुंब घेऊन आले होते. ते म्हणाले, "पंत, नाईकांचं ऐका. घाई केली तर माणसं पोचतात, पण सगळी पोचत नाहीत." ते कागद बनवायचे. घाई या शब्दाचा त्यांना जन्माचा तिटकारा.

नदी ओलांडून आम्ही वारज्यावरून पुढे गेलो, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी डोंगरात शिरलो. जायचं होतं त्या किल्ल्याचं नाव घेत नाही, किल्लेदाराची बोलणी मी अजून खातो आहे. तिथला कायदा एकच, सूर्य मावळला की नगारा होतो आणि दार लागतं. मग राजा येवो की रंक, सकाळपर्यंत दार उघडत नाही. त्या रात्री दाराबाहेर राहणं म्हणजे उघड्या माळावर पेंढाऱ्यांची वाट पाहणं. सगुणाला ते परवडणार नव्हतं. सकाळपासून तिच्या कमरेत कळ येत होती. तिची सासू मला खुणेनं सांगत होती आणि मी खुणेनंच 'पोचतो' म्हणत होतो.

आणि मी एक काम सतत करत होतो. थोडं चाललं की वळून मागे बघायचं. ही माझी खोड आहे आणि धंद्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. वाट जाताना एक दिसते आणि येताना दुसरी. जाताना जो खडक बसलेल्या बैलासारखा दिसतो, तो पलीकडून नुसता दगड असतो. म्हणून जातानाच मागे वळून परतीचं तोंड ओळखून ठेवायचं. बयाबाईंनी ते पाहिलंच.

"काय हो नाईक, पुण्यात काही विसरलात का? सारखे मागे बघताय ते!"

"नाही, आईसाहेब. विसरू नये म्हणून बघतोय."

"बघा बघा. आम्ही काय, बैलावर बसलोय. बैल पुढे बघतोय तोवर ठीक आहे."

धोंडी आम्हाला त्या सकाळी मिळाला. त्याचं गाव बरंचसं रिकामं झालेलं, तो गुरांच्या मागे राहिलेला. शिवेच्या दगडापर्यंत त्यानं आम्हाला नीट आणलं. तिथे पुढच्या गावचा वाटाड्या यायला हवा होता. कोणी आलं नाही. धोंडीनं हाका मारल्या, शीळ घातली. उत्तर नाही. ते गावही पळालं होतं.

धोंडी काठी टेकून उभा राहिला. "माजी शीव झाली जी."

पंतांनी घोडा त्याच्या अंगावर घातला. "पुढची वाट ठाऊक आहे की नाही? हो की नाही, एवढंच सांग." हातात चाबूक होता. उगारला नव्हता. पण चाबूक उगारावा लागत नाही, दिसला की पुरतो.

धोंडीनं चाबकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्हय जी. ठावं हाय."

मी मध्ये पडलो. "पंत, त्याची शीव संपली. पुढचं त्याला विचारू नये."

"शिवा-बिवा स्वस्थतेच्या काळात पाहाव्यात, नाईक. तो हो म्हणतोय ना? मग आपण कशाला नन्नाचा पाढा लावताय?"

मुख्य ते होते. दिवस बराच शिल्लक होता. मी तोंड बंद ठेवलं आणि मान मात्र जास्त वेळा मागे वळवायला लागलो. दगडापुढे दोन वाटा फुटत होत्या. एक अरुंद, गवतात हरवणारी. एक चांगली रुंद, तुडवलेली. धोंडीनं रुंद धरली. कोणीही तीच धरली असती. आणि धोंडी बोलायचा थांबला.

तर असे आम्ही त्या बिननावाच्या ओढ्यापाशी आलो. मी खाली बसून माती पाहिली. खुरांचे ठसे भरपूर. माणसाचं पाऊल एकही नाही. ओढ्याच्या काठाला वाट पंख्यासारखी पसरली होती आणि पलीकडे काहीच नव्हतं, नुसतं रान. ही ढोरवाट होती. गुरं पाण्याला जातात, पाणी पितात, परत येतात. ढोरवाट नेहमी माणसांच्या वाटेपेक्षा रुंद असते आणि नेहमी पाण्यापाशी संपते.

मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पंत पुढे आले. "आता काय?"

मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला ही वाट ठाऊक नाही."

भोई जागच्या जागी उभे. हुसेनमियांच्या बेगमनं पोरीला जवळ ओढलं. पंतांचा चेहरा लाल.

"अहो नाईक, काय बोलताय? बायका-मुलं आहेत बरोबर! नाईकानं असं बोलायचं?"

"नाईकानं पहिलं बोलायचं, पंत. म्हणजे बाकीच्यांना बोलता येतं."

आणि मी धोंडीकडे पाहिलं. दटावून नाही, नुसतं पाहिलं. काठी टाकून तो खालीच बसला. "मलाबी न्हाई ठावं, नाईक. शिवेम्होरं म्या कंदी आलो न्हाई. धनी इचारत व्हते, न्हाई कसं म्हनू?"

पंतांचा हात चाबकाकडे गेला. मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो. मी तेव्हा चांगला आडवातिडवा होतो, मध्ये उभा राहिलो की पलीकडचं दिसत नसे.

"ह्यानं आपल्याला फसवलं!"

"नाही. आपण त्याला हो म्हणायला लावलं. चाबकाला कोणी नाही म्हणत नाही, पंत. त्यामुळे चाबकाला खरंही कोणी सांगत नाही."

"बरं, शहाणपण पुरे. आता पुढे कसं जायचं ते सांगा. किल्ला त्या टेकडीमागे असणार. सरळ रान तुडवत जाऊ."

"पुढे नाही. मागे."

"मागे?" पंत ओरडलेच. "अहो, मागे धूर दिसतोय!"

दिसत होता. आम्ही ज्या बाजूनं आलो त्या बाजूला, लांब, नदीच्या अंगाला धुराची रेघ उभी होती. सगळ्यांनी ती पाहिली होती आणि कोणीच तोपर्यंत नाव घेतलं नव्हतं. आता पंतांनी घेतलं आणि कालवा उठला. रघू तांबट म्हणाला, नाईक, धुराकडे कशाला नेता? भोई म्हणाले, आम्ही धुराकडे डोली नेणार नाही. कोणी रडायला लागलं.

मी भ्यालो नव्हतो असं नाही. चांगला भ्यालो होतो. पण रानात चुकल्यावर एकच नियम आहे आणि तो पाळायला सगळ्यात जड जातो. चुकलो असं कळलं की एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. जिथे शेवटची खात्री होती तिथे परत जायचं. माणूस परत जात नाही, कारण आजवर चाललेलं फुकट गेलं असं त्याला वाटतं. म्हणून तो आणखी चालतो, आणि आणखी फुकट घालवतो. ह्यालाच हट्ट म्हणतात. पंतांच्या फडावर ह्याला खंबीरपणा म्हणत असतील.

"शिवेच्या दगडापर्यंत जायचं," मी म्हणालो. "तिथे आपण कुठे आहोत हे ठाऊक होतं. धूर त्याच्याही खूप मागे आहे. दिवस अजून आहे. ज्याला पुढे जायचंय त्यानं जावं, मी अडवत नाही. डोली माझ्याबरोबर परत जाईल."

कोणी हलेना. तेव्हा हुसेनमियां पुढे आले. "कागद बिघडला तर आम्ही लगदा परत हौदात टाकतो," ते म्हणाले. "बिघडलेल्यावर दुसरा थर नाही ओतत. चला." आणि त्यांनी पोरीला खांद्यावर घेऊन तोंड मागे वळवलं.

मग बयाबाई बोलल्या. "विसाजी, घोड्यावरून उतर."

"आई, मी इथला मुख्य..."

"मुख्य आहेस ते ऐकलं. मघापासून तेच ऐकतेय. उतर खाली आणि त्या हुसेनमियांच्या पोरीला बसव वर. आणि नाईक, तुम्ही मघापासून मागे बघत होतात ना? आता त्याचा उपयोग करून दाखवा. नाहीतर माझ्या मानेला उगाच त्रास झाला, तुमच्याकडे बघून बघून."

पंत उतरले. मला त्या घटकेला म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं.

परत यायला मला अडचण पडली नाही. तिरका पळस, मग दुभंगलेला खडक, मग मधमाश्यांचं पोळं असलेला कडा, सगळी तोंडं ओळखीची. भोयांनी डोली मुकाट उचलली होती. सगुणा झोळीतून एकदाच बोलली, "नाईककाका, पोचू ना?" मी म्हणालो, "शिवेपर्यंत नक्की. तिथून पुढचं तिथे सांगतो." तिनं मान हलवली. खोटं सांगितलं नाही म्हणून तिला धीरच आला असावा, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

शेंदराचा दगड दिसला आणि सगळ्यांनी श्वास सोडला. मी हात लांब करून सूर्याखाली मुठी धरल्या. सूर्य आणि डोंगराची कड यांच्यामध्ये किती मुठी मावतात त्यावरून दिवस किती उरला ते कळतं. उरला होता, पण उधळायला नव्हता.

मी धोंडीला म्हणालो, "तुझी शीव आली. जा घरी."

पंतांनी कपाळावर हात मारला. "एकुलता एक वाटाड्या, तोही सोडलात?"

"तो इथून पुढे वाटाड्या नाही, पंत. इथून पुढे तो आपल्यासारखाच चुकलेला माणूस आहे. एक कमी झालेला बरा. त्याचीही बायका-पोरं कुठे तरी लपलेली असतील."

धोंडी माझ्याकडे बघत राहिला. त्याला बहुतेक वाटलं होतं की मार बसणार. मग तो वळला आणि झुडपात दिसेनासा झाला. पंत म्हणाले, "गेला." मी म्हणालो, "गेला." आणि मी कामाला लागलो. शेजारच्या टेकाडावर चढलो. तिथून किल्ल्याचं टोक दिसलं, डोंगराच्या दोन सोंडांच्या पलीकडे. मधल्या ओघळी किती खोल ते कळत नव्हतं. पण सोंडेची धार धरली तर किल्ला डोळ्यांपुढून जात नव्हता. लांब पडणार होतं, डोलीला अवघड होतं, तरी ते मला दिसत होतं. खाली येऊन मी तसंच सांगितलं. धारेवरून जाऊ, पोचू की नाही ते सांगत नाही, चुकणार नाही एवढं सांगतो.

भोयांनी बांबू खांद्याला लावला, तोच शीळ आली.

धोंडी परत आला होता. त्याच्याबरोबर एक बाई, हातात विळा, कमरेला पदर खोचलेला. नाव चिमाबाई. पुढच्या गावच्या वाटाड्याची बायको. तो तापानं पडला होता. सगळं गाव जवळच्याच एका घळीत गुरा-ढोरांसकट लपलं होतं, आणि धोंडीला ते सकाळपासून ठाऊक होतं.

पंत चवताळले. "ठाऊक होतं? मग सकाळी का नाही बोललास?"

धोंडी माझ्याकडे बघून बोलला, पंतांकडे नाही. "सांगितलं असतं तर सरकारच्या मानसांनी समदी बैलं आन गडी वेठीला धरलं असतं. मंग त्यांनी पळायचं कशावर?"

पंतांनी मान फिरवली. कारण वेठीला धरलंच असतं. फडावर बसून त्यांनीच असे हुकूम कितीदा लिहिले होते.

चिमाबाईनं सरळ विचारलं, "पोटुशी कंची?" आणि डोलीत डोकावून सगुणाच्या पोटावर हात ठेवला. मग आमच्याकडे वळली. "दारापातूर नेते. पर माज्यामागं माघारी कुनी यायचं न्हाई. घळ कुटं हाय ते कुनी इचारायचं न्हाई. कबूल?"

तिनं विचारलं पंतांना. मुख्य कोण हे तिनं पागोट्यावरून ओळखलं होतं. पंतांनी चाबूक कमरेतून काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कबूल. माझा शब्द." माणूस हुशार होता हे मी आधीच सांगितलंय.

ती गवतात हरवणारी अरुंद वाट, तीच खरी. चिमाबाई पुढे निघाली आणि बोलायला लागली. "ह्यो वनवा-माळ. हितं म्या गवत कापते. ही बामनाची टाकी. ह्या दगडाला सासूचा दगड म्हनत्यात, पाय घसरतोय हितं." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कानावर एकेक नाव पडत होतं आणि पायाखालची जमीन घट्ट होत होती. मागून बयाबाई म्हणाल्या, "ही पण कीर्तनकार." पण या वेळी आवाजात खूश होत्या.

शेवटच्या चढावर खडकात कोरलेल्या पायऱ्या होत्या, अरुंद. डोली वळेना. भोयांनी दोनदा पाहिलं आणि माना हलवल्या. उन्हं तांबडी झाली होती. मी म्हणालो, पाठीवर घेतो. सगुणा झोळीतून उतरली. घाम पुसला, सासूचा हात बाजूला केला.

"मी चढते."

"अगं, तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

"पायरी तर दिसतेय ना, काका? मग एकेक चढते. तुम्ही फक्त मागे राहा."

एका बाजूला चिमाबाई, मागे मी. कळ आली की ती थांबायची, खडकाला टेकायची, दात आवळायची. आम्ही सगळे तिच्यामागे थांबायचो. पंतसुद्धा. कोणी 'चला चला' म्हटलं नाही. सगळ्यात हळू चालणारा पुढे होता आणि सगळे त्याच्या चालीनं चालत होते. मला आजही तो चढ आठवला की छाती भरून येते.

नगारा वाजायला लागला तेव्हा आम्ही दाराच्या खालच्या वळणावर होतो. पंत पळत पुढे गेले, पागोटं हातात घेऊन, ओरडत, "थांबा! सरकारी माणसं आहेत!" वरून उत्तर आलं, "सूर्य मावळला. सकाळी या." दाराची एक फळी लागली होती. दुसरी ढकलत होते.

बयाबाई कधी बैलावरून उतरल्या आणि कधी पुढे गेल्या ते मला कळलं नाही. पाहतो तो म्हातारी उंबऱ्यात फतकल मारून बसलेली. एक पाय आत, एक बाहेर.

"लाव आता," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "माझ्यावरून लाव."

"अहो आजी, कायदा आहे, उठा!"

"उठते की. गुडघे धरलेत. ही पोरगी आत गेली की सुटतील."

पहारेकरी हात जोडायला लागला. आत कोणी तरी हसलं. तेवढ्यात सगुणा चिमाबाईच्या खांद्याला धरून वळणावरून वर आली, हळूहळू, आणि म्हातारीच्या शेजारून आत गेली. मग भोई, रघू तांबट, हुसेनमियांचं कुटुंब, बैल, घोडा. सगळ्यात शेवटी मी. मी वळून मागे पाहिलं. चिमाबाई केव्हाच उतरून निघाली होती. तिच्यामागे कोणी गेलं नाही.

सगुणाला त्याच रात्री मुलगी झाली. दाराबाहेर असतो तर काय झालं असतं, ते मी मनात आणत नाही. फौज पुण्यात येऊन गेली, आम्ही परतलो, तांबटांच्या आळीत पुन्हा ठोके सुरू झाले. तिचा नवरा मोहिमेवरून आला तेव्हा माझ्या ओट्यावर येऊन पुन्हा तसाच बराच वेळ बसला. उठताना एक नवाकोरा तांब्या ठेवून गेला.

त्या दिवसापासून मी कोणत्याही वाटाड्याला 'वाट ठाऊक आहे का?' असं विचारलं नाही. 'कुठपर्यंत ठाऊक आहे?' असं विचारतो. पहिल्या प्रश्नाला घाबरलेला माणूस हो म्हणतो आणि शहाणा माणूसही हो म्हणतो, दोघांतला फरक कळत नाही. दुसऱ्या प्रश्नाला खोटं बोलायचं तर नावं रचावी लागतात.

पंतांचंही सांगून टाकतो. पुढे काही वर्षांनी एका मोठ्या मोहिमेची रसद पोचवायचं काम निघालं. वरिष्ठांनी फडावर सगळ्यांसमोर विचारलं, "विसाजीपंत, वाट ठाऊक आहे?" पंत म्हणाले, "नदीपर्यंत ठाऊक आहे. पुढची नाही. तिथे तिथली माणसं घ्यावी लागतील." फडावर हशा झाला. वरिष्ठ चिडले. शेजारी एक तरुण कारकून बसले होते, ते ताडकन उठून म्हणाले, "मला सगळी ठाऊक आहे." काम त्यांना मिळालं. पंतांची बदली कोठीवर झाली, धान्य मोजायला.

संध्याकाळी पंत माझ्याकडे आले. उतरलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "नाईक, तुमचा धडा महागात पडला."

मी म्हणालो, "बसा. घाई काय आहे?"

ते तरुण कारकून अजून परतलेले नाहीत. रसदही नाही. पंत मात्र रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात.